लोरा, मेरी आणि बाकीच्या : तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मुलींचे भरतकामाचे नमुने

सुईदोरा

गेल्या महिन्यात मावशी आली होती, तिला घेऊन प्लिमथला गेले. बॉस्टनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. प्लिमथ वसवणारे इंग्रज लोक ज्यातून आले त्या मेफ्लॉवर जहाजाची प्रतिकृती आणि ते जिथे उतरले असं सांगतात तो खडक, हे बघायला सगळे तिथे जातात. आम्ही पिल्ग्रिम हॉल म्युझियममध्ये गेलो ते एका कापडाच्या पट्टीसाठी. लोरा स्टँडिश नावाच्या मुलीने १६५३ च्या सुमारास भरलेली ही पट्टी. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये तयार झालेला आणि आज माहीत असलेला हा सर्वांत जुना सॅम्पलर, म्हणजे भरतकामाचा नमुना.

मावशीने साताऱ्याकडे तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. काचेपाशी वाकून दहा मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उलटी बाजू दाखवत नाहीत का गं?" वर्गातही तिचं हेच असायचं. सुलट बाजू कोणीही नीट काढतं, मार्क उलट बाजूला. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखालून ओवून घ्यायचं.

पट्टी लांब आणि अरुंद आहे. आपल्या पदराच्या बुट्ट्यांसारख्या आडव्या ओळी, एकीखाली एक. तेव्हाचे बहुतेक नमुने असेच असायचे, कारण ते भिंतीवर लावायला केलेले नसत. गुंडाळी करून शिवणाच्या पेटीत ठेवायचे आणि एखादी वेल किंवा काठ हवा असला की उलगडून बघायचे. छापील नक्षीची पुस्तकं महाग होती, तेव्हा हीच बाईची नक्षीची वही. सॅम्पलर हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या उदाहरण या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा नमुना आहे. साल घातलेला तो सगळ्यांत जुना इंग्लिश नमुना, आणि त्यावर जेनने अॅलिस ली नावाच्या बाळाच्या जन्माची तारीख भरून ठेवली आहे.

लोराच्या पट्टीवर नक्षीखाली अक्षरं आहेत. माझ्या मराठीत साधारण अशी : "लोरा स्टँडिश माझं नाव. देवा, माझ्या मनाला वाट दाखव, म्हणजे मी तुझ्या इच्छेने वागेन. माझ्या हातांनाही असं कसब दे, की त्यातून निष्कलंक सद्गुण वाढावा, आणि मी तुझ्या नावाचा महिमा गाईन."

मावशी लगेच म्हणाली, "उखाणाच की हा."

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. नाव घेण्याची जागा तीच, घाटही तोच. फरक एवढाच की उखाण्यात बाई नवऱ्याचं नाव घेते आणि इथे मुलगी स्वतःचं नाव घेते. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत या ओळींचा एक साचाच ठरून गेला. अमुक माझं नाव, न्यू इंग्लंड (म्हणजे बॉस्टन-प्लिमथचा हा ईशान्येकडचा भाग) माझा देश, तमुक गाव माझं राहण्याचं ठिकाण आणि ख्रिस्त माझा तारणहार. मूळ इंग्रजीत यमक जुळतं. नाव आणि गाव बदलायचं, बाकी तसंच. आणखी एक साचा फार आढळतो : मी मरून मातीत जाईन, हाडं कुजून जातील, तेव्हा हे बघून माझी आठवण काढा, नाहीतर मला विसरून जातील. आठ-नऊ वर्षांच्या मुली हे भरायच्या.

लोरा कोण? मेफ्लॉवरवरून १६२० मध्ये आलेल्या माइल्स स्टँडिशची मुलगी. तो प्लिमथ वसाहतीचा लष्करी प्रमुख होता. १६५६ मध्ये तो वारला. मला माझ्या दोन मुलींशेजारी पुरा, एक लोरा आणि एक सून मेरी, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे लोरा त्याच्या आधीच गेली होती. या मृत्युपत्रातला एवढासा उल्लेख आणि ही पट्टी, यापलीकडे तिचं फारसं काही मागे उरलेलं नाही.

इथे कोणी असं जुनं काम पाहिलं असेल, घरी असेल, तर लिहा.

अबोली

किती सुंदर लिहिलंयस. एक मूलभूत प्रश्न. यावर ए बी सी डी का भरत असत? मी पाहिलेल्या सगळ्या फोटोंमध्ये मुळाक्षरं आणि आकडे आहेतच. मुलींना अक्षरओळख व्हावी म्हणून का?

सुईदोरा

अबोली, मलाही आधी तसंच वाटायचं. पण मुख्य कारण चादरी!

लिनन महाग. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सदरे ही घराची संपत्ती होती, मृत्युपत्रात नगानिशी नोंदली जायची. धुणं रोजचं नव्हतं, मोठं धुणं अधूनमधून निघायचं. तेव्हा कोणता कपडा कोणाचा हे कळायला प्रत्येकावर कोपऱ्यात आद्याक्षरं आणि नंबर भरलेला असायचा. नंबर अशासाठी की वरच्याच दोन चादरी सारख्या वापरून विरू नयेत, गठ्ठ्यातल्या सगळ्या आळीपाळीने निघाव्यात. आपल्याकडे धोबी बिब्ब्याने खूण करायचा ना, तेच काम इथे घरातली मुलगी सुईने करायची. म्हणून पाच-सहा वर्षांची झाली की पहिला नमुना मुळाक्षरांचा, सगळा फुलीच्या टाक्यात. तो जमला की मग पुढे नक्षी, घर, झाडं, पक्षी.

जुन्या नमुन्यांवर बऱ्याचदा २४ च अक्षरं दिसतात. जे आणि यू वेगळे धरत नसत, आय आणि व्ही वरच भागवत.

आता वाचन आणि लेखन. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४२ चा कायदा होता, की मुलांना वाचता येईल हे आईबापांनी आणि मालकांनी बघायचं. बायबल वाचता यावं म्हणून. १६४७ मध्ये ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा असा कायदा झाला. पण वाचणं आणि लिहिणं ही तेव्हा दोन वेगळी शिक्षणं होती. आधी वाचन, आणि लेखन बऱ्याच पुढे. लेखन म्हणजे कामधंद्याची विद्या, ती मुलग्यांसाठी. मुलगी घराजवळच्या एखाद्या बाईंच्या घरगुती शाळेत जायची, वाचायला शिकायची, आणि मुलगा टाक घेऊन बसायचा त्या वयात तिच्या हातात सुई यायची. त्या काळच्या कितीतरी बायकांनी दस्तऐवजांवर सहीच्या जागी नुसती खूण केलेली आहे. म्हणजे एखादीने आयुष्यात स्वतःचं नाव कागदावर कधी लिहिलं नसेल, पण कापडावर अक्षर न अक्षर मोजून भरलेलं असेल. मला या सगळ्यात जीव अडकल्यासारखं होतं ते इथे.

वाचक_१

लेख आवडला. पण थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही या कामाकडे मुलीची सही म्हणून बघताय. मला त्यात शिस्त जास्त दिसते. ओळी तिने रचलेल्या नाहीत, नक्षी तिची नाही, विषय बाईंनी दिलेला. "हातांना कसब दे" हे तिला वाटलं म्हणून भरलं की भरायला सांगितलं म्हणून? दिवसचे दिवस मान खाली घालून बसवण्याचा तो एक मार्ग होता. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये अॅन ब्रॅडस्ट्रीट कविता लिहीत होती, १६५० मध्ये लंडनला तिचा संग्रह छापला गेला, आणि तिने त्यात स्वच्छ म्हटलंय की माझ्या हाताला लेखणीपेक्षा सुई शोभते असं म्हणणारे लोक आहेत.

आणि लोराचा बाप. १६२३ मध्ये वेसागसेट या जवळच्या इंग्रज वस्तीत याच माइल्स स्टँडिशच्या माणसांनी तिथल्या मूळच्या मॅसॅच्युसेट जमातीच्या पेक्सुओट आणि वितुवामत यांना घरात घेऊन मारलं, आणि वितुवामतचं डोकं प्लिमथच्या गढीवर लावलं. त्या घरातली ही पट्टी आहे. ती बघताना हेही माहीत असावं, म्हणून लिहिलं.

सुईदोरा

वाचक_१, पेक्सुओट आणि वितुवामतबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मूळ लेखात यायला हवं होतं.

शिस्तीबद्दल मात्र अर्धंच पटलं. नक्षी बाईंची असे, हे खरं. इतकं खरं की आज अभ्यासक नक्षीवरून शाळा ओळखतात. तीच कमान, तीच जोडी, तेच कुंपण चार-पाच नमुन्यांवर दिसलं की ते एका बाईंकडचे. रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या मेरी बॉल्चच्या शाळेतले नमुने, १८ व्या शतकाच्या अखेरचे, असेच लगेच कळतात. मिसेस काँडी नावाच्या बाईंनी १७३८ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लंडनची नक्षी कॅनव्हासवर काढून मिळेल, इंग्लंडहून आलेल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. म्हणजे यात बायकांचा स्वतःचा धंदा होता, कमाई होती. वसाहतीत बाईने इज्जतीने पैसे मिळवायचे मार्ग किती होते? तो एक होता.

आणि दिलेल्या नक्षीतसुद्धा मुलगी दिसते हो. ओळीत जागा संपली की शेवटचं अक्षर वर लटकवलेलं असतं. कुठे एक अक्षर गाळलंय आणि मग दोन अक्षरांच्या मधे बारीक भरलंय. माणसापेक्षा खार मोठी, घरापेक्षा फूल मोठं. काही नमुन्यांवर सालातले शेवटचे दोन आकडे नंतर उसवून काढलेत, कारण ती मुलगी मोठी झाल्यावर तिला आपलं वय कळू द्यायचं नव्हतं. हे काही बाईंनी सांगून केलेलं नाही.

अबोली

पॅटी पोक! मेरीलँडची दहा वर्षांची मुलगी, १८०० च्या आसपासची. तिच्या नमुन्यावर भरलं होतं की हे पॅटी पोकने केलं आणि यातला एकूण एक टाका तिला नकोसा वाटला, तिला वाचायला कितीतरी जास्त आवडतं. ही नोंद वाचल्यापासून मी तिच्यावर फिदा आहे. विचार करा, "नकोसा वाटला" हेही तिला टाका टाका घालूनच लिहावं लागलं.

मला सहावीत शिवणाच्या नमुन्यांची वही करायला लागली होती. धावदोरा, तुरपाई, साखळी टाका, काजटाका, प्रत्येकाची चौकोनी चिंधी पानाला टाचून. काजासाठी मी रडले आहे. त्यामुळे पॅटीची मी सख्खी मैत्रीण.

तुरपाई

उशिरा लिहितेय. मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते, त्यामुळे मावशींचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे असं काही आलं की पहिल्यांदा आम्हीही उलटी बाजूच बघतो. मार्क द्यायला नाही, रंग बघायला.

जुन्या नमुन्यांवर झाडांची पानं निळी दिसतात. लोक म्हणतात, काय कल्पकता. ती निळी नव्हती. हिरवा रंग एका रंगद्रव्यात मिळत नसे. दोरा पिवळ्यात बुडवायचा आणि मग निळीत. पिवळा उन्हाने उडतो, नीळ टिकते. पाठीमागे, जिथे उजेड पोचलेला नाही, तिथे तीच पानं अजून हिरवीगार असतात. पहिल्यांदा असं पान उलटून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दुसरं, काळा आणि गडद तपकिरी दोरा. तो रंगवायला लोह वापरत, आणि ते लोहच हळूहळू रेशीम खाऊन टाकतं. मग काळ्या रेषा गळून पडतात, पक्ष्याचे डोळे जातात, कधी कधी नावच जातं. पण सुईची भोकं राहतात. भिंगाखाली तिरपा उजेड टाकून भोकं मोजत मोजत अक्षर लावता येतं, कारण फुलीचा टाका म्हणजे मोजलेले धागे. दोन आडवे, दोन उभे, चार कोपऱ्यांत चार भोकं. दोरा नाही, पण नाव वाचता येतं. असं एक "एन" मी दोन दिवस शोधलंय.

मेरी हॉलिंग्सवर्थचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून करते. सेलमची मुलगी, १६६५-७० च्या सुमारास तिने नमुना भरला. तो आता पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये आहे. पुढे तिचं लग्न फिलिप इंग्लिश या श्रीमंत व्यापाऱ्याशी झालं. १६९२ मध्ये सेलमला चेटकिणींचे खटले सुरू झाले, त्यात तिला पकडलं, मग नवऱ्यालाही. दोघं बॉस्टनच्या कैदेतून निसटून न्यूयॉर्कला गेली म्हणून वाचली. तो नमुना बघताना ते सगळं डोक्यात येतं. इतके सारखे, शहाण्या मुलीचे टाके!

सुईदोरा

तुरपाई, मावशीला हे फोनवर वाचून दाखवलं. पानांचं ऐकून ती म्हणाली, "तरीच ती वेल निळी वाटली." आणि भोकांवरून नाव वाचण्याचं तिने मला दोनदा वाचायला लावलं.

नगरकर

या विषयाला एक आपल्याकडची वाट आहे, ती सांगतो.

बॉस्टनच्या आसपासच्या मंडळींनी १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड नावाची मिशन संस्था काढली. तिचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, तीच पुढची अमेरिकन मराठी मिशन. सिंथिया फरार १८२७ मध्ये याच संस्थेतून मुंबईला आल्या आणि १८३९ मध्ये आमच्या नगरला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते फरारबाईंकडे. शिवण हा मिशनच्या मुलींच्या शाळांत ठरलेला विषय होता. न्यू इंग्लंडमध्ये मुलगी शिकवायची म्हणजे वाचन आणि सुई हे जे समीकरण बसलेलं होतं, ते जहाजात बसून इकडे आलं. फक्त इकडे आल्यावर लेखणीही सोबत होती, आणि सावित्रीबाईंनी ती कशी धरली ते आपल्याला ठाऊक आहे.

याच संस्थेच्या शाळा त्याच वर्षांत अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ रहिवासी लोकांतही होत्या, ब्रेनर्ड आणि मेह्यू इथे. तिथल्या मुलींनीही नमुने भरले. मिशनच्या शाळेत आलेल्या काही मुलांना अमेरिकेतल्या देणगीदारांची नावं दिली जात. म्हणजे सुईदोरा म्हणतात ते "स्वतःचं नाव", ते तिथे प्रत्येक वेळी तिचं स्वतःचं असेलच असं नाही. १८३० नंतर चोक्टॉ आणि चेरोकींना त्यांच्या मुलखातून हुसकून पश्चिमेला पाठवलं. कापडं संग्रहालयांत आली.

वाचक_१

नगरकर, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता येत नव्हतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्येही असंच आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या मुली तिथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळांत नमुने भरत. ते इंग्लंडमधल्या देणगीदारांना पाठवले जात, तुमचे पैसे कसे सत्कारणी लागले ते दाखवायला. त्यावरचं नावही बहुतेकदा शाळेने दिलेलं.

सुईदोरा

हे वाचून कालपासून अस्वस्थ आहे. लोराच्या पट्टीसमोर मला जे वाटलं ते खोटं नव्हतं, पण सगळ्याच पट्ट्यांसमोर तेच वाटून चालणार नाही, हे कळलं.

एक भर घालते. बाल्टिमोरला मदर मेरी लँग आणि त्यांच्या सोबतच्या कृष्णवर्णी बायकांनी १८२८ मध्ये कृष्णवर्णी मुलींसाठी शाळा काढली, आणि पुढच्याच वर्षी ओब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स हा पंथ स्थापन केला. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात. त्या शाळेतल्या मुलींचे नमुने टिकून आहेत. तेच टाके, तशीच अक्षरं. पण ज्यांना माणूस म्हणून मोजायलाच समाज तयार नव्हता, त्या मुलींनी आपलं नाव आणि साल भरलंय, आणि शिकवणाऱ्या त्यांच्यातल्याच होत्या. त्यातला एखादा नमुना मला एकदा प्रत्यक्ष बघायचाय.

जास्वंद

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. आमच्याकडे आजीने दोसुतीवर भरलेली एक फ्रेम आहे. पोपटांची जोडी, वेल, मधे "सुस्वागतम". तिच्या रुखवतात मांडलेली, म्हणजे सत्तर वर्षं तरी झाली असतील. दारासमोर टांगलेली असते. पिवळी पडलीय आणि एका फ्रेमवाल्याने ती मागे थेट पुठ्ठ्याला चिकटवून दिली होती. धुऊ का? आई म्हणते, रिठ्याच्या पाण्यात घाल.

तुरपाई

जास्वंद, रिठा नको, काहीच नको! जुना लाल आणि काळा दोरा पाणी लागलं की रंग सोडतो, आणि मग तो पांढऱ्यात जातो तो कायमचा. आधी भिंतीवरून काढा. दारासमोर ऊन येतं, तेच सगळ्यांत वाईट. मग मागचा पुठ्ठा घाई न करता बघा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कापडात उतरतं, पिवळेपणा बराचसा त्याचा असतो. चिकटवलेला भाग ओढू नका, नुसत्या कडा सुट्या होतात का ते बघा. परत फ्रेम कराल तेव्हा आम्लरहित बोर्ड, कापड त्यावर टाके घालून बसवायचं, चिकटवायचं नाही, आणि काच कापडाला टेकता कामा नये, मधे जाड पट्टीची चौकट ठेवायची. हे होईपर्यंत धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, घडी न घालता, सपाट ठेवा.

आणि उलटी बाजू दिसली तर इथे सांगा.

जास्वंद

काल रविवारी आई आणि मी मिळून फ्रेम उघडली. पुठ्ठा कडांना सुटाच होता, फक्त मधे चिकटवलेला. कापड खालच्या बाजूने चार बोटं आत दुमडलेलं होतं, फ्रेमच्या मापात बसवायला.

कडा उलटून पाहिल्या. वेलीची पानं मागून हिरवी आहेत. पुढून इतकी वर्षं आम्ही ती राखाडी समजत होतो.

दुमडलेल्या भागात एक ओळ आहे. लाल दोऱ्याने "कु." आणि पुढे एक नाव, माहेरचं आडनाव, खाली साल १९५१. ते नाव आजीचं आहे हे आईला सांगावं लागलं नाही, पण तिने ते कधी ऐकलेलं नव्हतं. लग्नात आजीचं नाव बदललं, घरात सगळे तिला बदललेल्या नावानेच ओळखत. नाव इथे लिहीत नाही. शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून थोडं वर गेलंय.

तुरपाई, आता ही दुमड कशी सरळ करायची? इस्त्री चालेल का, मधे रुमाल घालून?

तुरपाई

इस्त्री अजिबात नको. त्या घडीवर धागे सत्तर वर्षं ताणलेले आहेत, उष्णतेने तुटतील. कापड सपाट टेबलावर ठेवा, दुमड जेवढी स्वतःहून उघडते तेवढीच उघडू द्या. पावसाळी दमट दिवशी करा, हवेतल्या ओलाव्याने धागा थोडा सैलावतो. बाजूंना काचेचे छोटे तुकडे किंवा गुळगुळीत वजनं हलकेच ठेवा, नावावर नको. दोन-तीन दिवस लागतील. आणि नवीन फ्रेम सांगाल तेव्हा माप खालच्या चार बोटांसकट द्या.